कलम एक्केचाळीस

विधिमंडळाच्या मसुदा कचेरीत ऑड्रा किन्सीला आठ महिने झाले होते, तेव्हा टेलिफोनचा कायदा तिच्या टेबलावर येऊन पडला. १९१७ सालचा कायदा, दोनशे बारा कलमं. खांब उभारताना रस्त्यावरचे घोडे बिथरणार नाहीत याची काळजी घ्यावी, असं एक कलम होतं. फोन जोडून देणाऱ्या बायकांना पाठ टेकायची खुर्ची द्यावी, असं दुसरं.

"सेनेटर ग्रेडींना साफसफाई हवीय," हॉलिस ट्रुईट म्हणाले. कचेरीचे प्रमुख ते. तीस वर्षं तिथेच बसून त्यांच्या आवाजाला कायद्याच्या पुस्तकांसारखाच एक कोरडेपणा आला होता. "मेलेलं काढायचं, जिवंत ठेवायचं. नवीन काही घालायचं नाही. भांडण नको, चर्चा नको. बिनविरोध यादीत बसेल असं विधेयक हवं."

"मेलेलं म्हणजे नेमकं काय धरायचं?" ऑड्राने विचारलं.

"तू शास्त्र शिकलीयस ना? ठरव."

तिने ठरवलं. ती जीवशास्त्र शिकली होती. दोन उन्हाळे डोंगरातल्या ओढ्यांमध्ये दगड उलटून त्याखालचे सॅलमँडर, म्हणजे ओल्या पालीसारखे दिसणारे लहान प्राणी, मोजण्यात घालवले होते. मोजणी करायची तर आधी नियम पक्का हवा, हे तिच्या हाडीमाशी भिनलेलं. तिचा नियम असा: गेल्या चाळीस वर्षांत ज्या कलमाखाली एकही अर्ज, सुनावणी, दंड किंवा निकाल झालेला नाही, ते कलम मृत. तिने तक्ता आखला आणि पंचावन्न जिल्ह्यांच्या कचेऱ्यांना फोन लावायला सुरुवात केली. कारकून बायका आधी हसायच्या, मग जुनी बाडं काढायच्या.

सातव्या प्रकरणापाशी ती अडली. 'सामाईक तारा'. एकाच तारेवर सात-आठ घरं असत तेव्हाचे नियम. बेलफोर्ड जिल्ह्याच्या कचेरीतल्या विल्डाबाई म्हणाल्या, "अगं, हे मला काय विचारतेस? डॉसन्स रन वस्तीतल्या एमेट स्टॅलार्डला विचार. एकतीस वर्षं खांबांवर चढलाय तो. पण पटकन बोल हो. त्याला फोन अडवून ठेवलेला चालत नाही."

फोन पहिल्याच घंटेला उचलला गेला.

"ओरलीन?"

"नाही, मिस्टर स्टॅलार्ड. मी राजधानीतून बोलतेय. ऑड्रा किन्सी. मसुदा कचेरी."

"अच्छा." आवाज जरा पडला. "बोल पोरी. पाच मिनिटं. माझी बायको कधीही फोन करते, तिला लाइन मोकळी लागते."

पाच मिनिटांची पंचवीस झाली, कारण म्हातारा बोलायला लागला की थांबत नसे. सामाईक तारेवर प्रत्येक घराची घंटा वेगळी असायची. स्टॅलार्डांची दोन लांब, एक आखूड. घंटा कुणाचीही वाजो, सगळी आळी फोन कानाला लावून बसायची.

"माझ्या आईला तर बोलणाऱ्यांपेक्षा जास्त माहिती असायची. एकदा पाद्री फोनवर कुणाला तरी सांगत होता की रविवारी आंधळ्यांच्या शाळेसाठी वर्गणी मागणार. रविवारी चर्च ओस! पाद्रीबुवा म्हणे, प्रभूने सांगितलं वाटतं तुम्हाला. म्हटलं, प्रभूने नाही, टेलिफोन कंपनीने."

ऑड्रा खळखळून हसली. मग तिने विचारलं, "आणि बायकोचा फोन कुठून येतो?"

"जिल्ह्याच्या गावातून. शुश्रूषागृहात आहे ती. चाळीस मैल. बुधवारी आणि रविवारी जातो मी. बाकीच्या दिवशी ती फोन करते. कधी दिवसातून एकदा, कधी नऊदा. पोरांची नावं गेली, माझंही जातं मधूनमधून. पण हा नंबर गेला नाही. बावन्न वर्षं फिरवलाय ना. बोटांना माहितीय. व्हरांड्यातल्या फोनपाशी जाते आणि फिरवते. मी उचललं की म्हणते, एमेट, मी कुठंय? मी म्हणतो, आहेस तिथे बरी आहेस, मी घरी आहे. मग तिला बरं वाटतं."

"मोबाइल नाही का तुमच्याकडे?"

"डॉसन्स रनमध्ये?" म्हातारा हसला. "पोरी, या दरीत सूर्यसुद्धा साडेदहाला येतो."

मग तिने आपल्या यादीतला प्रश्न विचारला. सातव्या प्रकरणातलं कलम एक्केचाळीस तिने त्याला फोनवर वाचून दाखवलं: ज्या तारेवर एकही ग्राहक सेवा मागत असेल, ती तार जिल्ह्याच्या न्यायालयात उघड सुनावणी झाल्याशिवाय कंपनीने काढू नये अगर नादुरुस्त ठेवू नये.

"या कलमाखाली तुमच्या आठवणीत कधी सुनावणी झाली?"

"सुनावणी? नाही बुवा. एकही नाही."

"नक्की?"

"एकतीस वर्षांत एकही नाही. असती तर मला साक्षीला नेलं असतं."

ऑड्राने आभार मानले आणि तक्त्यात लिहिलं: शून्य. बाकी चौपन्न जिल्ह्यांतूनही शून्यच आलं होतं. सातवं प्रकरण, कलम अडतीस ते त्रेचाळीस, मृत.

मसुदा कचेरीची एक रीत आहे. जे काढायचं ते खोडून नाहीसं करत नाहीत. त्यावरून फक्त एक रेघ मारतात, म्हणजे सभासदांना काय जातंय ते वाचता यावं. नवीन येणाऱ्या शब्दांखाली रेघ असते. व्यवहारात सगळे खालची रेघ वाचतात, मधली कुणीच वाचत नाही. ऑड्राच्या विधेयकात खालची रेघ कुठेच नव्हती. एकसष्ट पानं, सगळ्या रेघा मधून. समितीने ते अकरा मिनिटांत मंजूर केलं. सेनेटर ग्रेडी घोड्यांचं कलम मोठ्याने वाचून दाखवत होते आणि लोक हसत होते. तक्त्याची स्तुती झाली. हॉलिस म्हणाले, "तीस वर्षांत इतकं नीट काम पाहिलं नाही." ते कुणाची उगाच स्तुती करत नसत.

अधिवेशन संपायला चार दिवस उरले असताना कंपनीच्या वकिलाचं पत्र फाइलमध्ये लावण्यासाठी तिच्याकडे आलं. विधेयकाला पाठिंबा, अमुक तमुक, आणि शेवटी एक वाक्य: विशेषतः कलम एक्केचाळीस वगळल्याबद्दल आम्ही आभारी आहोत.

ऑड्राने ते वाक्य दोनदा वाचलं. मेलेल्या कलमाचे विशेष आभार कोण मानतं?

तिने जुना कायदा पुन्हा काढला आणि पहिल्या पानावरच्या व्याख्या बोटाने उतरत गेली. 'तार' म्हणजे सामाईक असो वा स्वतंत्र, कोणतीही टेलिफोनची तार. कलम सातव्या प्रकरणात बसलं होतं खरं, पण ते राज्यातल्या प्रत्येक तारेला लागू होतं. तिने उरलेली कलमं चाळली. टेलिफोन आयोगाला दर ठरवायचा अधिकार होता, तक्रारी ऐकायचा होता. पण तार उतरवायला मनाई करणारं वाक्य अख्ख्या कायद्यात एकच होतं, आणि त्यावरून तिची रेघ गेली होती.

सुनावणी कधी झालीच नव्हती, कारण सुनावणी मागायची कंपनीची कधी हिंमत झाली नव्हती. शंभर वर्षं ते कलम नुसतं असण्यानेच काम करत होतं. ओढ्यात दगड उलटून काही सापडलं नाही तर कागदावर 'दिसला नाही' लिहायचं, 'नाही' लिहायचं नाही, हे तिला पहिल्याच उन्हाळ्यात शिकवलं होतं. पुढे तिने स्वतः ते तीन नवख्या मुलांना शिकवलं होतं. कायदा उचलून ती थेट हॉलिसकडे गेली.

हॉलिसनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मी ग्रेडींना चिठ्ठी पाठवतो."

दुपारी उत्तर आलं. सेनेटरसाहेब भले गृहस्थ होते, त्यांनी स्वतः फोन केला. आता यादीतून काढलं तर विधेयक ढिगाच्या तळाला जाईल आणि बुडेल. पुढच्या वर्षी दुरुस्ती आणू. आणि आयोग आहे की, कंपनी काय उद्या लगेच कुऱ्हाड घेऊन निघणार आहे?

"एका सभासदाने जरी हरकत घेतली तरी ते यादीतून निघेल," ऑड्रा हॉलिसना म्हणाली.

"निघेल."

"मग बेलफोर्डच्या सेनेटरना मी—"

"नाही," हॉलिस म्हणाले. आवाज चढवला नाही. "ऑड्रा, या इमारतीत दोन्ही पक्ष आपल्याकडे मसुदे आणतात, कारण आपल्याला तोंड नाही. एकदा आपण बोललो की पुढच्या वर्षी आपल्याकडे कुणी येणार नाही. चूक आपली होती, ती मी कळवली. इथे आपलं काम संपतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती तळमजल्यावरच्या खाणावळीत रांगेत उभी होती. हातात ताट, ताटात घेवड्याची उसळ. पुढे कोण आहे म्हणून तिने मान वर केली, तर बेलफोर्डचे सेनेटर. उंच, वाकलेले, कोटाच्या बाहीला खडूचा डाग. एरवी ते शाळामास्तर होते. त्यांनी मागे वळून तिच्याकडे पाहिलं.

"हा मक्याचा पाव आजचाच आहे का गं? काल माझा दात हलला याने."

एक वाक्य पुरलं असतं. साहेब, एक्केचाळीसवर हरकत घ्या. चार शब्द. तिने ते मनात मोजलेसुद्धा. रांग थांबली होती, मागे कुणी घाई करत नव्हतं, सेनेटर तिच्याकडे हसऱ्या चेहऱ्याने बघत होते. डॉसन्स रनमधला पहिल्या घंटेला उचलला जाणारा फोन तिला आठवत होता. आठवत नव्हता असं नंतर म्हणायची सोयसुद्धा नव्हती.

"आजचाच आहे," ती म्हणाली.

"वा," ते म्हणाले आणि दोन तुकडे घेऊन पुढे गेले.

शनिवारी सकाळी बिनविरोध यादीतली सतरा विधेयकं एकाच मतदानात मंजूर झाली. ऑड्रा वरच्या सज्जात बसली होती. सवयीने तिने घड्याळ लावलं होतं. चाळीस सेकंद.

उन्हाळा गेला, पानगळ गेली. ग्रेडी निवडणुकीला उभेच राहिले नाहीत, आणि समितीच्या नव्या अध्यक्षांनी सांगितलं, टेलिफोन गेल्या वर्षी झाला, यंदा पुन्हा उघडायचा नाही. फेब्रुवारीत बर्फाचा पाऊस आला. झाडांच्या फांद्यांवर बर्फाची बोटभर काच चढली आणि अर्ध्या राज्यातल्या तारा खाली आल्या.

तीन आठवड्यांनी विल्डाबाईंचा फोन आला.

"ऑड्रा ना गं तू? ती तक्तेवाली? हे बघ, एमेट स्टॅलार्ड आलाय इथे, तिसऱ्यांदा. डॉसन्स रनची तार पडली, कंपनी म्हणते दुरुस्त करणार नाही, नऊच घरं आहेत. हा म्हणतो त्याला सुनावणी हवी. म्हणतो कलम एक्केचाळीस. मी अख्खं पुस्तक पालथं घातलं, सदतीसनंतर एकदम चव्वेचाळीस येतं. म्हटलं, एमेट, असं कलम नाही रे. तर म्हणतो, आहे, राजधानीतल्या पोरीने मला वाचून दाखवलं. आता तूच सांग बाई त्याला. भ्रम झालाय का म्हाताऱ्याला?"

"नाही," ऑड्रा म्हणाली. "त्यांना फोन द्या."

"गेला तो. थांबत नाही कुठे. त्याला टेकडी गाठायची असते."

कसली टेकडी, ते ऑड्राने विचारलं आणि विल्डाबाईंनी सांगितलं. शनिवारी सकाळी ऑड्रा गाडीत बसली. साडेतीन तासांचा रस्ता. शेजारच्या सीटवर एक पाकीट होतं. त्यात एक पान, आणि त्या पानावर तिने स्वतः लिहिलेलं नवं कलम, सगळं खालच्या रेघेचं. कुणी मागितल्याशिवाय मसुदा करणं कचेरीच्या नियमात बसत नव्हतं.

चर्च टेकडीच्या माथ्यावर होतं. त्याच्या मागे, थडग्यांच्या कुंपणाला लागून, एक जुना ट्रक उभा होता. इंजिन बंद, काचा आतून धुरकटलेल्या. तिने काचेवर टकटक केली.

"मिस्टर स्टॅलार्ड? मी ऑड्रा किन्सी."

म्हाताऱ्याने वाकून दार उघडलं. मांडीवर दोन घोंगड्या, पायाशी थर्मास, समोरच्या फळीवर मोबाइल, त्याचं तोंड दरीकडे.

"तक्तेवाली पोर! ये, आत ये, थंडी आत घेऊ नकोस. फोनला हात नको लावू हं. जरा सरकला की रेंज जाते."

ती आत बसली. ट्रकमध्ये कॉफीचा आणि ओल्या लोकरीचा वास होता.

"कंपनीने नंबर तेवढा ठेवला," तो म्हणाला. "तोच नंबर या डबीत घातला. पण घरी ही डबी नुसती घड्याळ आहे. इथे मात्र दोन दांड्या येतात. म्हणून मी नऊला येतो. ती पाच वाजता जेवते, मग करत नाही. पाचला जातो."

"रोज?"

"बुधवार-रविवार सोडून. ते दोन दिवस तर मी तिच्यापाशीच असतो."

"आज कितीदा आला?"

"अजून नाही. काल चारदा." त्याने हातमोजा काढून बोटं चोळली. "बर्फानंतर आठ दिवस काहीच नव्हतं. नर्स म्हणाली, पहिले दोन दिवस ती सारखी फिरवत होती. तिसऱ्या दिवशी व्हरांड्यात आलीच नाही. आता परत यायला लागलीय. पण पूर्वीइतकं नाही."

ऑड्राने रस्ताभर वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आता उपयोगाचं वाटेना.

"ते कलम होतं," ती म्हणाली. "तुम्ही बरोबर होतात. मीच काढलं. जुनी, न वापरलेली कलमं काढायचं काम माझ्याकडे होतं. मी तुम्हाला विचारलं, कधी सुनावणी झाली का—"

"आणि मी नाही म्हणालो."

"हो."

"अगं, झालीच नव्हती!" म्हातारा तिच्याकडे वळला. "साठ-एकसष्टच्या सुमाराला कंपनीचा माणूस आला होता, डॉसन्स रनची तार गुंडाळायची म्हणून. माझी आई ओसरीत उभी राहिली आणि म्हणाली, काढा, पण आधी न्यायालयात सुनावणी लावा, नऊही घरं येतील, पाद्रीपण येईल. तो टोपी घालून जो गेला तो गेला. सुनावणी कशाची होतेय! सॉल्ट फोर्क, आसपासची गावं, सगळीकडे तेच. धमकीवरच भागायचं."

"हे मला सांगितलं नाहीत."

"तू कुठे विचारलंस? तू विचारलंस सुनावणी झाली का. नेमका प्रश्न, नेमकं उत्तर. शिकलेली पोर, मला वाटलं तुला तेवढंच हवंय."

तो चिडलेला नव्हता, आणि त्यामुळेच तिला समोर बघवेना. मग तिने खाणावळीतली गोष्टही सांगितली. सेनेटर, पाव, चार शब्द. तेवढं न सांगता परत जाता आलं असतं. म्हाताऱ्याने पूर्ण ऐकलं. बराच वेळ तो काचेवरच्या वाफेत बोटाने रेघा ओढत राहिला.

"हे तू नसतं सांगितलंस तर बरं झालं असतं," तो शेवटी म्हणाला. "पहिली चूक होती. चुका मी पण केल्यात, एकदा चालू तार कापली होती मी. पण हे दुसरं..." त्याने वाक्य सोडून दिलं.

तिने पाकीट पुढे केलं. "हे नवं कलम आहे. मला देता येत नाही कुणाला. पण तुम्ही तुमच्या सेनेटरना देऊ शकता. नागरिकाने दिलं तर घ्यावं लागतं."

"याने माझी तार परत येईल?"

ऑड्राला खोटं बोलता आलं असतं, निदान गुळमुळीत तरी. "नाही. हे उभ्या असलेल्या तारांसाठी आहे. पडलेल्या परत उभ्या करायला लावणारा कायदा कुणी मंजूर करणार नाही."

"उभ्या किती आहेत अशा?"

"एकतीसशे घरं. अंदाजे. मी मोजलीयत."

"तू मोजणारच." पहिल्यांदा त्याच्या आवाजाला धार आली होती. त्याने पाकीट घेतलं, उघडलं नाही, सूर्यापासून डोळे वाचवायच्या पट्टीत खोचलं. "वाचेन. देईन असं म्हणत नाही. वाचेन."

तेवढ्यात मोबाइल थरथरला आणि वाजला. म्हाताऱ्याचा हात तिच्या अंदाजापेक्षा चपळ होता.

"ओरलीन? ...हो, मीच. ...नाही गं, गोठ्यात होतो, म्हणून वेळ लागला. ...हो, घरीच आहे. कुठे जाणार मी?"

बोलता बोलता त्याने ऑड्राकडे पाहिलं आणि हनुवटीने दाराकडे खूण केली. रागाने नव्हे; दुसऱ्याच्या फोनला कान लावू नये, एवढंच. ती हळूच उतरली आणि आवाज होऊ नये म्हणून दार दोन्ही हातांनी लावलं.

वारा झोंबत होता. खाली दरीत नऊ घरांची छपरं दिसत होती, आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने खांब उभे होते, एकामागे एक, नीट अंतरावर. दोन खांबांच्या मध्ये काही नव्हतं. काचेच्या आत म्हातारा बोलत होता, हसत होता, दुसऱ्या हाताने फोन दरीकडे धरून ठेवायची धडपड करत होता. एकदा तो मध्येच थांबला, "हॅलो, हॅलो" असे ओठ हलले, मग फोन इंचभर डावीकडे सरकवून तो पुन्हा बोलू लागला.

ऑड्रा कुंपणाशी उभी राहिली. घड्याळाकडे तिने पाहिलं नाही.